पहिली दहा मिनिटं

आमच्या घरी भिंतीवर एक फोटो आहे. कृष्णधवल, कडा पिवळ्या पडलेल्या. त्यात माझे अब्बा आणि अम्मी विमानात बसलेले आहेत. अब्बांची टोपी तिरकी आहे. अम्मी पदर सावरून अगदी समोर, कॅमेऱ्याच्या डोळ्यात डोळा घालून बघतेय. आणि अब्बांनी एक हात खिडकीबाहेर काढून खालच्या कुणाला तरी निरोप दिलाय.

विमान पुठ्ठ्याचं आहे. सोलापूरकर श्रोत्यांनी हे केव्हाच ओळखलं असेल. संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा भरते, नंदीध्वज निघतात आणि होम मैदानावर गड्डा लागतो. त्या गड्ड्यात फोटोवाल्यांचे तंबू असायचे. त्यात बसायला चंद्रकोर असायची, मोटार असायची, आणि हे विमान असायचं. आमच्या फोटोतल्या विमानाच्या शेपटीवर रंगाऱ्यानं ‘एअर इंडिया’ लिहिलंय आणि पुढे दोन पंखे काढलेत. फोटो माझ्या जन्माच्या आदल्या वर्षीचा, म्हणजे १९६७ चा. तेव्हा एअर इंडियाची बोइंग जेट विमानं परदेशात जाऊ लागून सात वर्षं झाली होती. जेटला पंखे नसतात. पण सोलापूरच्या रंगाऱ्याच्या मनात विमान म्हणजे दोन पंख्यांचं, नाक वर आणि शेपूट जमिनीला टेकलेलं. त्यानं नकळत डाकोटा काढला होता.

मला हौस या विषयावर बोलायला सांगितलंय. हौसेच्या अनेक जाती आहेत. त्यातली एक मला नेहमी गंमतीची वाटते. कुठेही न जाता फिरून येण्याची हौस. गड्ड्यातला मोठा पाळणा घ्या. पैसे देऊन बसायचं, वर जायचं, खाली यायचं आणि जिथं बसलो तिथंच उतरायचं. हिशेबी माणसाला विचाराल तर शुद्ध नुकसान. पण पाळणा वर गेला की क्षणभर सिद्धेश्वर तलाव दिसायचा, भुईकोट किल्ल्याचे बुरूज दिसायचे, गिरण्यांची धुराडी दिसायची. आपलंच गाव, रोजचं, पण वरून. खाली उतरल्यावर पोरं एकमेकांना विचारायची, तुझं घर दिसलं का? माझं कधीच दिसलं नाही. मी मात्र ‘दिसलं’ म्हणायचो.

विमानाची सुरुवातसुद्धा थोडी अशीच झाली. नेव्हिल व्हिन्टसेंट नावाचा एक निवृत्त ब्रिटिश वैमानिक १९२९ साली एका साथीदाराबरोबर दोन जुनी विमानं घेऊन हिंदुस्थानात आला. गावोगावी उतरायचं, पैसे घेऊन लोकांना हवेत एक रपेट मारून आणायची आणि पुढच्या गावाला जायचं, हा त्यांचा धंदा. जत्रेतला पाळणाच, फक्त इंजिनाचा. याच व्हिन्टसेंटनं पुढे टाटांकडे हवाई टपालाची योजना नेली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला, जुहूच्या मैदानावर, टपाल घेऊन स्वतः विमान चालवत आले आणि तिथून पुढे मद्रासपर्यंत व्हिन्टसेंटनं विमान नेलं. टाटांच्या त्या सेवेनं १९३३ या पहिल्या पूर्ण वर्षात नेलेले प्रवासी किती, तर १५५. आज सोलापूरच्या स्टँडवर एवढी माणसं दोन एस. टी. गाड्या भरून उभी असतात. पुढे १९८२ साली, पन्नास वर्षांनी, जे. आर. डीं. नी तोच कराची ते मुंबई प्रवास लेपर्ड मॉथ या जुन्या छोट्या विमानातून पुन्हा केला. तेव्हा त्यांचं वय ७८ होतं. त्या दिवशी टपाल पोचवायची कुणाला घाई नव्हती. ती हौस होती. नुसत्या हौसेसाठी केलेल्या उड्डाणाला इतका मान मिळालेला मला तरी दुसरा आठवत नाही.

पण मला बोलायचंय ते डाकोटाबद्दल, कारण अब्बांना बोलायचं असतं ते डाकोटाबद्दल.

अब्बांचा जन्म बार्शीचा, १९४२ सालचा. नकाशा घ्या, पट्टी ठेवा आणि मुंबई ते हैदराबाद सरळ रेघ ओढा. ती रेघ सोलापूरवरून जात नाही, बार्शीजवळून जाते. त्यामुळे सोलापुरातल्या मुलांनी पाहिलं नसेल एवढं विमान बार्शीच्या मुलांनी पाहिलं असावं, असा अब्बांचा दावा आहे आणि त्या बाबतीत ते सोलापूरला आजही जरा कमीच लेखतात. विमान दिसायच्या आधी ऐकू यायचं. अब्बा म्हणतात, आधी भांड्यातलं पाणी थरथरल्यासारखं वाटायचं, मग छातीत घुमायचं, मग पोरं गच्चीकडे पळायची, आणि मग ते पश्चिमेकडून हळूहळू यायचं. हळूहळू हा त्यांचाच शब्द. विमानाला हळूहळू म्हणणारे मला भेटलेले तेच एक.

या आवाजाची पहिली ओळख मात्र आनंदाची नव्हती. सप्टेंबर १९४८. निजामाची हद्द बार्शीपासून हाकेच्या अंतरावर. १३ तारखेला मेजर जनरल जे. एन. चौधुरींच्या हुकमाखाली सैन्य सोलापूरकडून नळदुर्गच्या वाटेनं हैदराबादवर निघालं आणि १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली. हवाई दलाची विमानंही त्या कारवाईत होती. अब्बा सहा वर्षांचे. आवाज आला की माझी दादी मुलांना ओढून आत घ्यायची आणि दाराला कडी लावायची. बार्शीत त्या दिवसांत मुसलमान घराला भीती दोन्ही बाजूंची होती; पलीकडच्या रझाकारांचीही आणि अलीकडच्या संशयाचीही. काही वाईट झालं नाही, शेजारी चांगले होते. पण दादी गेली तोवर विमानाच्या आवाजाला कडी लावायची सवय तिच्या हाताला राहिली होती, असं अब्बा सांगतात. तीनचार वर्षांनी तीच मुलं त्याच आवाजाला गच्चीवर धावत होती, आणि दादी खालून ओरडत होती.

डाकोटाचं हे असंच आहे. पहिलं डीसी-३ विमान १९३५ च्या डिसेंबरात अमेरिकेत उडालं ते प्रवाशांसाठी. मग महायुद्ध आलं आणि त्याच विमानाच्या लष्करी आवृत्त्या दहा हजारांहून अधिक बनल्या. युद्ध संपल्यावर त्यातली कितीतरी हिंदुस्थानातच पडून राहिली आणि स्वस्तात विकली गेली. बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारखान्यात सैनिकांची बाकं काढून प्रवाशांच्या खुर्च्या बसवल्या गेल्या. म्हणजे आपल्याकडच्या साध्या प्रवाशाला विमान मिळालं तेच मुळी दुरुस्त केलेलं, जुनं, सैन्यातून निवृत्त झालेलं. १९५३ साली आठ खासगी कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स झाली तेव्हा तिच्याकडे ९९ विमानं होती आणि त्यातले ७४ डाकोटा. तिकडे नागपूरला तर मध्यरात्री जत्राच भरायची. १९४९ पासून रात्रीच्या हवाई टपालाची विमानं दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघायची, अर्ध्या रात्री नागपूरला जमायची, टपालाच्या थैल्या आणि प्रवासी अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतायची. मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात मिळायचं. आज आपण ज्याला कुरिअर म्हणून पैसे मोजतो ते.

त्या विमानाची बैठक बघा. शेपटीखाली छोटं चाक, पुढे दोन मोठी चाकं, त्यामुळे जमिनीवर असताना ते मागे कललेलं असतं. आत शिरल्यावर आपल्या खुर्चीकडे चढण चढून जावं लागतं. प्रवासी वीसपंचवीस, फार तर तीस. आत हवेचा दाब राखायची सोय नाही, म्हणून फार उंच जाता येत नाही. आठदहा हजार फुटांच्या आसपास. वेग ताशी तीनशे किलोमीटरपर्यंत. खिडक्या मोठ्या आणि चौकोनी. कारखानदाराच्या दृष्टीनं या सगळ्या उणिवाच आहेत. पण बघणाऱ्याच्या दृष्टीनं? त्या उंचीवरून आणि त्या वेगानं नदीचं वळण वळणासारखं दिसतं. रस्ता दिसतो, त्यावरची मोटार दिसते, शेताचे बांध दिसतात.

हे मला पुस्तकातून कळलं होतं. अनुभवानं कळलं ते गेल्या हिवाळ्यात.

आमच्या सोलापूरच्या विमानतळाची कथा साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. होटगी रस्त्यावर धावपट्टी होती, पण विमान नियमित येत नव्हतं. साखर कारखान्याची चिमणी आड येते म्हणत होते. जून २०२३ मध्ये ती पाडली. तो वाद मी इथे काढत नाही, दोन्ही बाजूंना माझे स्नेही आहेत. एवढंच म्हणतो, की एका चिमणीमुळे विमानं उडत नाहीत हे वाक्य मराठीतच शोभतं. सप्टेंबर २०२४ मध्ये नव्या रूपातल्या विमानतळाचं उद्घाटन झालं आणि जून २०२५ मध्ये फ्लाय९१ या कंपनीची गोव्याची सेवा सुरू झाली. विमान एटीआर जातीचं. पंख्यांचं! मी घरी येऊन अब्बांना एवढंच सांगितलं, पंखे दोन आहेत. ते उठून बसले.

अब्बा याआधी विमानात बसलेच नव्हते असं नाही. अम्मी हयात असताना दोघं मुंबईहून हजला गेले होते. रात्रीचं विमान, प्रचंड मोठं, आणि दोघांना जागा मधल्या रांगेत. अम्मीला मी नंतर विचारलं होतं, विमानातून काय दिसलं? ती म्हणाली, पुढच्या माणसाचं टक्कल. अब्बा म्हणतात ते विमान मोजायचं नाही. ते कामाचं होतं, अल्लाच्या घरी जायचं काम. हौसेचं विमान वेगळं.

तर आम्ही गोव्याला निघालो. गोव्यात आमचं काही काम नव्हतं. मुलानं विचारलं, तिथं काय बघणार? मी म्हटलं, जाताना बघणार. एटीआरचे पंख वरच्या बाजूला असतात, त्यामुळे खिडकीखाली मोकळं. अब्बांना खिडकी दिली. त्यांना ऐकायला कमी येतं. पस्तीस वर्षं गिरणीत साचे चालवले. साचेखात्यात काम केलेल्या माणसाच्या कानाचं काय होतं ते सोलापुरात सांगावं लागत नाही. बारीक, टोकदार आवाज त्यांना ऐकूच येत नाहीत. दाराची घंटा, नातीची हाक, कुकरची शिट्टी. जाड, खर्जातले आवाज मात्र अजून पोचतात. पंखे फिरू लागले तसं त्यांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. म्हणजे, येतंय.

विमान उठलं. ऊस, तुरीची शेतं, शेततळ्यांतले आरशाचे तुकडे, पत्र्याच्या छपरांच्या वस्त्या. मग भीमा. हिवाळ्यातली, वाळूत अंग चोरून निजलेली. अब्बांनी काचेवर बोट ठेवलं आणि ते बोट नदीबरोबर फिरवत राहिले. एका गाडीवाटेवर बैलगाडी होती. मला दिसली नाही, त्यांना दिसली म्हणे. मी वाद घातला नाही. गड्ड्यातल्या पाळण्यावरून मलाही माझं घर दिसायचंच की!

आणि मग विमान वर गेलं. धुरकट पांढरं काहीतरी आलं, त्याच्या वर आम्ही, आणि खाली तपकिरी गोधडी. तिच्यात शेत कुठलं, गाव कुठलं, काही कळेना. अब्बा थोडा वेळ बघत राहिले. मग खुर्चीला टेकले आणि घरच्या बोलीत म्हणाले, “बस. अब्बी ये बसच है.” म्हणजे आता ही एस. टी. च. माझ्या घड्याळात उड्डाणापासून दहा मिनिटं झाली होती.

त्या दहा मिनिटांचा मी नंतर फार विचार केला. आजच्या विमानप्रवासात जमीन दिसते ती पहिली दहा मिनिटं आणि शेवटची दहा मिनिटं. मधला सगळा वेळ आपण डब्यात असतो. जुन्या विमानाचा अख्खा प्रवास म्हणजे ती पहिली दहा मिनिटं. ते त्याहून वर जाऊच शकत नव्हतं. म्हणून जगात काही ठिकाणी माणसं जुनी विमानं दुरुस्त करतात, पुन्हा हवेत नेतात आणि लोक पैसे देऊन त्यात बसतात. अर्धा तास, तास, कुठेही न जाता. याला नुसतं गतकाळाचं वेड म्हणणं मला पटत नाही. बघण्याची एक उंची आपण गमावली, ती काही वेळापुरती परत विकत घेणं आहे ते.

मग आपल्याकडे का नाही? डाकोटा आहे. चालू स्थितीत आहे. भंगारात जाऊ पाहणारं एक डाकोटा राजीव चंद्रशेखर यांनी विकत घेतलं. त्यांचे वडील एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर हवाई दलात डाकोटाचे वैमानिक होते. विमान कॉव्हेंट्रीला नीट करण्यात काही वर्षं गेली. मग ते हवाई दलाला भेट दिलं. एप्रिल २०१८ मध्ये ते तिथून निघालं आणि युरोप, अरबस्तान ओलांडत, मुक्काम करत करत, जामनगरला उतरलं. ४ मे २०१८ रोजी हिंडनच्या तळावर ते हवाई दलात दाखल झालं. नाव परशुराम, क्रमांक व्हीपी ९०५. हा क्रमांक मुद्दाम दिलेला आहे. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख पलटणीच्या जवानांना घेऊन श्रीनगरला पहिल्यांदा उतरलेल्या डाकोटाचा तो क्रमांक. हे विमान ते नव्हे. पण नातवाला आजोबांचं नाव ठेवतात तसं. त्या दिवसांत श्रीनगरला धावलेल्या विमानांत खासगी कंपन्यांचे प्रवासी डाकोटाही होते. आदल्या दिवशी व्यापारी बसलेले, दुसऱ्या दिवशी शिपाई. फाळणीच्या त्या महिन्यांत दिल्ली आणि कराची यांच्या मध्ये याच जातीच्या विमानांतून माणसं नेली जात होती. दोन्ही बाजूंनी. त्यांनी खिडकीतून काय पाहिलं असेल? मोठी खिडकी, कमी उंची, आणि खाली आपलंच गाव. त्यांची ती पहिली दहा मिनिटं मला मोजवत नाहीत.

माझ्या मनात बरेच दिवस एक अर्ज तयार होता. परशुरामला सोलापूरला पाठवा. आमची धावपट्टी एटीआरला पुरते, तर त्यालाही पुरेल. गड्ड्याच्या दिवसांत वीसवीस जणांना बसवा, तलावावरून, किल्ल्यावरून, पंढरपूरच्या चंद्रभागेवरून एक फेरी मारून आणा. तिकीट लावा. मी अब्बांना खिडकीत बसवीन. अर्ज कवीचा असल्यामुळे त्यात व्यवहार कमी होता. पण लिहून ठेवला होता.

तो मी पाठवला नाही. कारण सांगतो.

स्वित्झर्लंडमध्ये तिथल्या हवाई दलानं १९३९ साली जर्मन बनावटीची तीन युंकर्स ५२ विमानं घेतली होती. पन्हाळीच्या पत्र्यासारखं अंग आणि तीन इंजिनं. हवाई दलानं ती निवृत्त केल्यावर १९८० च्या दशकात चाहत्यांनी ती जपली आणि लोकांना आल्प्स पर्वतात फिरवून आणायला सुरुवात केली. हजारो लोक बसले. मोठ्या माणसांच्या वाढदिवसाला, लग्नाच्या वाढदिवसाला भेट म्हणून ती सफर द्यायची, अशी ती हौस. ४ ऑगस्ट २०१८ रोजी, म्हणजे आपलं परशुराम हिंडनला दाखल झालं त्याला बरोबर तीन महिने झाले असताना, त्यातलं एक विमान लोकार्नोहून परत येताना पिझ सेग्नास या शिखराजवळ कोसळलं. आतले वीसच्या वीस जण गेले. सतरा प्रवासी, तिघे कर्मचारी. दोन दिवसांच्या सहलीवरून घरी परतत होते.

चौकशीचा अहवाल २०२१ मध्ये आला. मी तो सगळा वाचला असा दावा करत नाही, पण त्यातली मुख्य गोष्ट वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होतो. दोष मुख्यतः विमानाच्या म्हातारपणाचा नव्हता. अरुंद दरीत ते फार खालून नेलं गेलं होतं; मागे फिरायला जागा उरली नव्हती. वैमानिक नवशिके नव्हते. मुरलेले, हवाई दलातले. आणि अपघाताला थेट कारण नसले, तरी विमानाच्या अंगात गंज आणि तडेही सापडले, जे आधीच्या तपासण्यांत दिसायला हवे होते.

इतक्या जाणत्या माणसांकडून हे का झालं? मला वाटतं ते प्रेमातून झालं. ज्याच्यावर प्रेम असतं त्याची तपासणी माणूस सैल हातानं करतो. म्हाताऱ्या बापाला दम लागतो हे आपल्याला दिसतं, पण आपण म्हणतो, अहो, त्यांची तब्येत ठणठणीत आहे. आणि खालून का नेलं? कारण खालून सुंदर दिसतं. ज्या गोष्टीसाठी लोक आले होते, तीच. मी मघाशी ज्या उंचीचं एवढं कौतुक केलं त्या उंचीला चुकीला जागा नसते. वर गेलेल्या विमानाला वेळ मिळतो, खालच्याला मिळत नाही.

हे एकच नाही. हॉलंडमध्ये १९९६ च्या सप्टेंबरात असाच एक जपलेला डाकोटा सहलीवरून परतताना समुद्रात पडला, ३२ माणसं गेली. इंग्लंडात तर ज्या कॉव्हेंट्रीत आपलं परशुराम नीट झालं, तिथूनच पूर्वी डाकोटांच्या हौशी फेऱ्या होत असत. नव्या प्रवासी विमानांसाठीचे सुरक्षा नियम जुन्यांनाही लागू झाले, ते पाळणं परवडेना, आणि २००८ मध्ये त्या फेऱ्या बंद पडल्या. त्या वेळी तिकडच्या चाहत्यांनी नियमांना नावं ठेवली. मीही ठेवली असती. आता ठेवत नाही.

तरी मन दोन्हीकडे ओढतं हे कबूल करतो. आपल्याकडे घाटातून टपावर माणसं बसवून जीप जाते तिला कुणी विचारत नाही, आणि वर्षातून चार वेळा उडणाऱ्या, डोळ्यांत तेल घालून सांभाळलेल्या विमानात मात्र माणूस बसू शकत नाही. पण जीपमधला माणूस नाइलाजानं बसतो. हौसेनं बसणाऱ्यावर जास्त नियम लावायचे की कमी? माझं उत्तर आता जास्त असं आहे. नाइलाजाच्या प्रवासात धोका वाट्याला येतो. हौसेच्या प्रवासात तो आपण दुसऱ्याला तिकीट काढून देतो. त्या वीस जणांपैकी कुणाचं तरी तिकीट मुलानं बापाला भेट दिलेलं असणार असं मला उगाच वाटत राहतं.

म्हणून अर्ज बदलला. आता त्यात एवढंच आहे, की परशुराम एकदा सोलापूरला यावं. आम्हाला हवेत नेऊ नये. धावपट्टीवर उभं राहावं, दार उघडावं, आणि पोरांना त्या चढणीवरून चालत जाऊन खिडकीत बसू द्यावं. मग आमची माणसं खाली उतरवून त्यानं एकट्यानं गावावरून एक फेरी मारावी. सुरक्षित उंचीवरून. आवाज तेवढा ऐकू आला पाहिजे.

कारण अब्बांचं म्हणणं, बघण्यापेक्षा ऐकण्याचंच त्यांना अधिक आहे. २०२१ च्या प्रजासत्ताक दिनाला दिल्लीत परशुराम दोन हेलिकॉप्टरांना बरोबर घेऊन उडालं, १९७१ च्या युद्धाची आठवण म्हणून. टीव्हीवर आम्ही पाहिलं. पण निवेदक बोलत होते, बँड वाजत होता, आणि विमान मुकं. अब्बा चिडले. “उसकू चुप बिठा रे,” म्हणाले. निवेदकाला गप्प कसा बसवणार?

गोव्याहून आल्यावर मुलानं मोबाइलवर डाकोटाच्या इंजिनांचा आवाज शोधून काढला. अब्बांच्या कानाशी धरला. त्यांनी ऐकलं आणि फोन परत दिला. म्हणाले, ही तर शिलाई मशीन आहे. खरंच होतं, फोनच्या एवढ्याशा तोंडातून खर्ज येणार कुठून? तेव्हा मुलाला सुचलं. आमच्या गल्लीत एक पोरगा मिरवणुकांना डीजे लावतो. सोलापुरात मिरवणुकांना तोटा नाही, त्यामुळे त्याच्याकडे माणसाएवढ्या पेट्या आहेत. एरवी त्या पेट्यांवरून माझं आणि त्याचं भांडण आहे. त्या दिवशी मी स्वतः त्याच्या दारात गेलो. त्यानं दोन पेट्या आमच्या अंगणात आणून ठेवल्या, फोन जोडला आणि विचारलं, “चाचा, बेस किती ठेवू?” मी म्हटलं, जेवढा असेल तेवढा.

अब्बा खुर्ची घेऊन पेटीजवळ बसले. कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं आणि एक हात पेटीवर ठेवला. आधी स्वयंपाकघरातली भांडी वाजली. मग फरशी. मग ते छातीत आलं, दोन इंजिनांचं, किंचित मागेपुढे, घुमणारं. अब्बांनी मान वर केली. संध्याकाळचं आभाळ रिकामं होतं, घारी तेवढ्या होत्या. ते पश्चिमेकडे बघत होते, आणि मग हळूहळू मान वळवत पूर्वेकडे.

पलीकडच्या गच्चीवरून कुणीतरी ओरडून विचारलं, “ओ, कुणाची मिरवणूक आज?” अब्बांना ते ऐकू जाणं शक्य नव्हतं. ते वरच बघत होते.